टोकन देण्याआधी: फ्लॅटची खरी किंमत स्वतः कशी काढावी

2013च्या दिवाळीत मी पुण्याच्या पश्चिम बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, 62 लाखांना. तेव्हा ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथं जावं तिथं एकच ऐकू यायचं: आत्ता घेतलं नाहीस तर पुन्हा परवडणार नाही. 2020च्या सुरुवातीला तोच फ्लॅट विकायला काढला तेव्हा पहिलं गिऱ्हाईक 61 लाख म्हणालं. एजंट मला समजावत होता, "साहेब, रेट पडलेला नाही, फक्त थांबलाय." अगदी खरं होतं. सहा वर्षांहून जास्त काळ रेट थांबला होता. माझा हप्ता मात्र थांबला नव्हता, आणि डाळ, पेट्रोल, शाळेची फी यांनीही थांबायचं मनावर घेतलं नव्हतं. त्या घरात आम्ही राहिलो, भाडं वाचलं, हे मान्य. पण 62 लाख सात टक्क्यांनी कुठं ठेवले असते तर तेवढ्या काळात त्यांचे 94 लाखांच्या आसपास झाले असते, हा हिशोब त्या रात्री कागदावर मांडला आणि झोप उडाली.

आपल्याकडची मंदी रेटमध्ये दिसत नाही, ती वेळेत दिसते. म्हणून 'भाव काय चाललाय' एवढंच विचारून घर घेणारा माणूस हमखास फसतो. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात पहिलं घर घेणाऱ्यांसाठी मी पुढच्या पायऱ्या लिहितोय. दुसरं घर घेताना मी त्या याच क्रमानं केल्या. पहिल्या वेळी एकही केली नव्हती.

पायरी 1: बाजार चक्रात कुठं आहे ते बघा

घरांच्या बाजाराला चक्र का असतं, याचं उत्तर बांधकामाच्या वेळेत आहे. मागणी वाढली की भाव चढतात, ते बघून बिल्डर जमिनी घेतो. मग परवानग्या, मग पाया, मग स्लॅब. तीन-चार-पाच वर्षं जातात. तेजीत सुरू झालेल्या सगळ्या इमारती एकदमच ताब्याला येतात, आणि तोवर गिऱ्हाईक आटलेलं असतं. कांद्याचं जसं होतं तसंच, फक्त कांदा चार महिन्यांत येतो.

मुंबईनं हे नीट पाहिलंय. 1994-95च्या सुमारास तिथले भाव शिखरावर होते, नरिमन पॉइंटची ऑफिसभाडी जगातल्या सर्वांत महाग भाड्यांत गणली जात. त्यानंतर भाव घसरले आणि 2003पर्यंत बाजार उठलाच नाही. मग स्वस्त गृहकर्ज आणि आयटीच्या पगारांवर 2008पर्यंत तेजी आली. सप्टेंबर 2008मध्ये अमेरिकेत लेहमन ही बडी बँक बुडाली, इथं सगळे जेमतेम वर्षभर गप्प बसले आणि 2009पासून पुन्हा चढण लागली. 2013-14नंतर रेट जो अडकला तो अडकलाच. त्यात नोव्हेंबर 2016ची नोटाबंदी, मे 2017मध्ये महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण), जुलैत जीएसटी, सप्टेंबर 2018मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्तकंपनीची थकबाकी आणि तिच्यामुळे बिल्डरांना मिळणाऱ्या कर्जाचा आटलेला नळ, असं एकामागून एक येत गेलं.

कोविडनंतर वारं फिरलं. राज्य सरकारनं सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मुद्रांक शुल्कात तीन टक्के आणि पुढं मार्च 2021पर्यंत दोन टक्के सूट दिली. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो, 4 टक्क्यांवर होता. निबंधक कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. माझा फ्लॅट त्याच मार्चमध्ये एकदाचा 65 लाखांना गेला. त्यात माझी हुशारी काही नव्हती, सवलतीची शेवटची तारीख जवळ आली होती एवढंच.

व्याजदराकडं लक्ष ठेवा म्हणतात ते का, तर 50 लाखांचं वीस वर्षांचं कर्ज पावणेसात टक्क्यांनी घेतलं की हप्ता 38,000च्या आसपास बसतो, आणि पावणेनऊनं 44,200च्या आसपास. 2022च्या मेपासून 2023च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो 4वरून 6.5 टक्क्यांवर गेला, तेव्हा कित्येकांनी ही उडी स्वतःच्या खात्यावर पाहिली. तोच पगार असलेला माणूस दर वाढले की कमी कर्ज काढू शकतो, म्हणजे कमी भाव देऊ शकतो.

आता तुमच्या भागाचं बघायचं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पात एकूण किती सदनिका, किती बुक झाल्या, हे बिल्डरनं भरलेलं असतं आणि दर तिमाहीला ते अद्ययावत करावं लागतं. दोन किलोमीटरच्या आतले पाच-सहा प्रकल्प निवडा आणि वहीत लिहा. समजा सगळे मिळून 1,400 फ्लॅट, त्यातले 820 गेले, 580 उरले. तीन महिन्यांनी परत बघितलं तर 90 गेलेले. म्हणजे महिन्याला 30, आणि 580 संपायला एकोणीस-वीस महिने. माझा ठोकताळा असा: बारा महिन्यांच्या आतला माल असेल तर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका, चोवीसच्या वर असेल तर बिल्डर चहा पाजून तुमचं ऐकून घेईल. तीन महिने थांबायला वेळ नसेल तर जुने तिमाही अहवाल तिथंच मिळतात.

दुसरी खूण म्हणजे जाहिरात. मंदीत बिल्डर रेट तोडत नाही. तोडला तर आधी जास्त भावानं घेतलेले चाळीस जण दुसऱ्या दिवशी साइट ऑफिसात येऊन बसतात, आणि त्याच रेटवर बँकेकडून उचललेल्या कर्जाचंही गणित बिघडतं. म्हणून तो इतर गोष्टी सोडतो: मुद्रांक शुल्क आमच्याकडून, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) माफ, पार्किंग फुकट, मॉड्युलर किचन, ताब्यापर्यंत हप्ता नाही. फलकावर अशा चार ओळी दिसल्या की समजा, छापलेला रेट हा खरा रेट नाही. सगळ्या भेटींची रुपयांत किंमत करा आणि वजा करा. किचन नको, तेवढे पैसे कमी करा, असं सरळ म्हणून बघा. पुष्कळदा होतं.

पायरी 2: टेप घेऊन जा

माझ्या पहिल्या फ्लॅटचं माहितीपत्रक 1,050 चौरस फूट म्हणत होतं. ते सेलेबल, म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी आणि बहुधा बिल्डरचा आशावाद धरून. राहायला गेल्यावर एका रविवारी मोजलं तर आत पाय ठेवायला 700 होते. 62 लाखांना 1,050नं भागलं की 5,905 रुपये फूट. 700नं भागलं की 8,857. मी शेजारच्या प्रकल्पाचा 'सात हजारचा रेट' महाग म्हणून सोडला होता, तो कार्पेटवरचा, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरचा होता.

रेरा कायदा आल्यापासून नव्या प्रकल्पात कार्पेटवरच विक्री करावी लागते. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. पण रिसेलच्या बाजारात अजूनही सेलेबल, बिल्टअप, कार्पेट असे तिन्ही शब्द एकाच वाक्यात येतात. तेव्हा सगळ्या फ्लॅटचा हिशोब कार्पेटवर आणल्याशिवाय तुलना करू नका.

मोजायचं कसं? लेझर मीटर असेल तर उत्तम, नसेल तर फरशा मोजा. हल्ली बऱ्याच घरात 600 मिलिमीटरच्या फरशा असतात, म्हणजे जवळजवळ दोन फूट. बेडरूममध्ये एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला साडेसहा फरशा भरल्या तर खोली 3 मीटर बाय 3.9 मीटर, साधारण 126 चौरस फूट. चौरस मीटरला 10.764नं गुणलं की फूट. सॅम्पल फ्लॅटमध्ये तर फरशाच मोजा, कारण तिथला पलंग मुद्दाम लहान बनवलेला असतो, दारं काढून ठेवलेली असतात आणि एका भिंतीवर आरसा असतो. मालक घरात असताना फरशा मोजायला संकोच वाटतो. वाटू दे. पन्नास-साठ लाखांचा मामला आहे.

पायरी 3: एकाच घराचे चार भाव

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. कुठल्याही फ्लॅटला एकाच दिवशी चार किमती असतात: मालक सांगतो ती, आजूबाजूचे व्यवहार खरोखर ज्या आकड्याला नोंदले गेले ती, सरकारी दर तक्त्याची म्हणजे रेडी रेकनरची, आणि बँकेचा व्हॅल्युअर म्हणजे मूल्यांकनकार लिहील ती.

सांगितलेली किंमत ही इच्छा असते. मालमत्तेच्या संकेतस्थळांवरचे सगळे आकडे या जातीचे. त्यांची सरासरी काढून 'मार्केट रेट' म्हणू नका.

नोंदलेली किंमत मिळते सूची क्रमांक 2मध्ये, बोलीभाषेत इंडेक्स टू. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. मुंबई, इतर शहरी भाग की ग्रामीण, हे निवडायचं, मग वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटीएस (शहरातल्या जमिनीच्या मोजणीचा) नंबर टाकायचा. सोसायटीच्या नावावर विसंबू नका, नंबर माहीत करून घ्या. कुणाच्याही जुन्या करारनाम्यात किंवा प्रकल्पाच्या महारेरा पानावर तो असतो. साइट संथ चालते, चिडून उपयोग नाही, सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा बसा.

पान उघडलं की वरच्या ओळी वाचा. पहिली विलेखाचा, म्हणजे दस्ताचा प्रकार, दुसरी मोबदला, तिसरी बाजारभाव, चौथ्यात सर्व्हे नंबरसोबत फ्लॅट क्रमांक, मजला, पार्किंग वगैरे वर्णन, पाचवीत क्षेत्रफळ. मोबदला म्हणजे घेणाऱ्यानं दिलेले, निदान कागदावर दिलेले पैसे. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरनं निघणारा आकडा. नवखे लोक हे दोन्ही उलटे वाचतात आणि 'बाजारभाव' शब्दाला भुलतात.

शेवटच्या वर्षभरातले निदान सात-आठ व्यवहार काढा. बक्षीसपत्रं सोडा, एकाच आडनावातले व्यवहारही सोडा. लिहून देणारा बिल्डरच असेल तर ती पहिली विक्री, रिसेलशी तिची तुलना करू नका. प्रत्येकाचा मोबदला कार्पेटनं भागा. मग फरक लावा: पार्किंग आहे का, मजला कोणता, इमारत किती जुनी, रस्त्याकडं तोंड आहे की नाल्याकडं. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा खोडा. उरलेल्यांचा जो पट्टा राहील, समजा 9,800 ते 10,600, ती तुमच्या बोलण्याची हद्द. एकच नेमका आकडा निघत नाही, आणि असा आकडा छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. एक सावधगिरी: काही मोबदल्यांत रोखीचा भाग लपलेला असतो. सगळे व्यवहार नेमके रेडी रेकनरच्या आकड्यालाच चिकटून दिसले तर तसा संशय घ्या.

रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला नवे दर येतात. काही वर्षी सरकार ते बदलतच नाही. दर चौरस मीटरचा असतो आणि बांधीव क्षेत्राचा, कार्पेटचा नव्हे. जुन्या इमारतीला घसारा मिळतो, लिफ्टच्या इमारतीत वरच्या मजल्यांना वाढीव दर लागतो. करारातली रक्कम आणि हा आकडा यात जो मोठा, त्यावर मुद्रांक शुल्क. मंदीत खरा भाव रेडी रेकनरच्याही खाली गेलेले भाग मी पाहिलेत. तिथं स्वस्तात मिळालं म्हणून उड्या मारू नका, कारण फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त झाला की आयकर खातं तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरू शकतं आणि विकणाऱ्याचा नफाही त्याच आकड्यावर मोजतं.

चौथा भाव बँकेचा. बँकेचा व्हॅल्युअर येतो, फोटो काढतो, खोल्या मोजतो, शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारतो. त्याच्या अहवालात बहुधा तीन आकडे असतात: रास्त बाजारमूल्य, वसूल होईल ते मूल्य आणि तातडीनं विकावं लागलं तर येणारं मूल्य. फी तुमच्याकडून जाते, तेव्हा प्रत मागा. काही शाखा कां-कू करतात. तरी मागा. तो तिसरा आकडा वाचला की घराकडं बघायची नजर बदलते. स्वतःचा स्वतंत्र मूल्यांकनकार नेमायचा असेल तर काही हजारांत काम होतं, आणि बंगला, प्लॉट किंवा जुनी इमारत असेल तर नेमाच.

पायरी 4: भाड्यावरून ताळा

90 लाखांचा फ्लॅट, भाडं 25,000. वर्षाचे 3 लाख, म्हणजे 3.33 टक्के. आता वर्षात एक महिना रिकामा धरा, मेंटेनन्सचे 42,000 आणि मालमत्ता कराचे 12,000 काढा. हाती उरले 2 लाख 21 हजार, म्हणजे अडीच टक्क्यांच्याही किंचित खाली. कर्जाचं व्याज याहून बरंच वर. मधली दरी फक्त भाव वाढला तरच भरून निघणार. राहण्यासाठी घेत असाल तर ही दरी म्हणजे स्वतःच्या भिंतींची किंमत समजा, त्यात गैर काही नाही. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर हाच हिशोब पुन्हा एकदा करा. आणि एकाच परिसरात भाव वर आणि भाडं जागच्या जागी असं तीन-चार वर्षं चाललं असेल, तर तो भाव राहणाऱ्यांनी नाही, गुंतवणूकदारांनी चढवलेला असतो. संध्याकाळी साडेसातला इमारतीखाली उभं राहून किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. ताबा देऊन दोन वर्षं झाली आणि निम्म्या खिडक्या अंधारात, तर मंदीत विकायला काढणारे त्या अंधारातूनच येणार आहेत.

पायरी 5: येऊ घातलेल्या गोष्टींचे पैसे किती देताय?

मेट्रो येतेय, रिंगरोड येतोय, आयटी पार्क येतंय. येतंही. पण कधी? नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी 2007ची, भूमिपूजन फेब्रुवारी 2018चं, उद्घाटन ऑक्टोबर 2025मध्ये. उलवे-पनवेल भागात 'विमानतळ झाला की' या वाक्यावर मधली अठरा वर्षं घरं विकली गेली. ज्यानं राहायला घेतलं त्याचं काही बिघडलं नाही. ज्यानं दोन वर्षांत विकायच्या हिशोबानं घेतलं, त्याचं गणित कोलमडलं. म्हणून अशा भागात जिथं तो प्रकल्प पोचणार नाही अशी, बाकी सारखीच वस्ती शोधा आणि दोन्हींतला भावफरक काढा. तेवढे पैसे तुम्ही भविष्याला आगाऊ देताय.

पायरी 6: किंमत खाणारे कागद आणि टँकर

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नसेल तर बरेच कर्जदाते मागं सरतात, म्हणजे उद्या तुमचं गिऱ्हाईकही निम्म्यानं कमी. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावे झाली नसेल तर पुनर्विकासाच्या गप्पांना अर्थ नाही. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदी तपासल्याचा अहवाल, वकिलाकडून घ्या, बिल्डरनं हातात दिलेल्यावर भागवू नका.

आणि सोसायटीचा मागच्या वर्षाचा जमाखर्च मागा. पुण्याच्या उपनगरांत 'पाण्याचे टँकर' ही ओळ त्यात कितीची आहे, यावर मी आख्खा फ्लॅट सोडून दिलाय.

पायरी 7: खिशातून किती जाणार

पुण्यात 85 लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्या. मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून 7 टक्के, 5 लाख 95 हजार (महिलेच्या नावे असेल तर एक टक्का कमी). नोंदणी फी 30,000. जीएसटी 5 टक्के, 4 लाख 25 हजार. झाले साडेदहा लाख. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नसतो, तेव्हा तयार घर चार लाखांनी महाग दिसलं तरी प्रत्यक्षात सारखंच पडतं.

बँक या खर्चावर कर्ज देत नाही. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे 68 लाख. तुमचे 17 आणि साडेदहा, एकूण साडेसत्तावीस लाख. आता व्हॅल्युअरनं किंमत 78 लाखच धरली तर कर्ज 62 लाख 40 हजारांवर येतं आणि वरचे 5 लाख 60 हजार ऐनवेळी उभे करावे लागतात. लोक मेव्हण्याला फोन करतात ते याच दिवशी.

पायरी 8: बोलणी आणि टोकन

पहिला आकडा तुम्ही बोलू नका. बोलायची वेळ आलीच तर इंडेक्स टूच्या प्रती समोर ठेवून बोला, "काका, तुमच्याच विंगमध्ये चौथ्या मजल्याचा मे महिन्यात या भावाला गेलाय." यात भांडण नाही, त्यामुळे समोरचाही चिडत नाही. आपल्या पट्ट्याच्या वरच्या टोकापलीकडं जायचं नाही हे घरून ठरवून जा, आणि बायको किंवा नवऱ्यालाही तो आकडा माहीत असू द्या. 'आजच आणखी एक पार्टी येतेय' हे ऐकलं की घरी जा.

बिल्डरला नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून मोठा असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस (त्याच्या नावानं आधीच कापायचा आयकर) तुम्हीच कापून भरायचा. विकणारा अमेरिकेत किंवा दुबईत स्थायिक असेल तर दर वेगळा आणि बराच मोठा असतो, तेव्हा टोकनच्या आधी सीएला गाठा. रोखीचा भाग मागितला तर नाही म्हणा. उद्या विकताना तेवढा खर्च तुम्हाला दाखवता येणार नाही, आणि कर्जही त्यावर मिळणार नाही.

टोकन चेकनं किंवा ऑनलाइन द्या, आणि साध्या कागदावर का होईना, पावती घ्या. तिच्यावर फ्लॅट क्रमांक, कार्पेट, ठरलेली पूर्ण रक्कम, त्यात पार्किंग धरलंय की नाही, कागद कोणत्या तारखेपर्यंत देणार हे लिहा. आणि खाली एक ओळ: बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या रकमेपेक्षा कमी आलं किंवा सर्च रिपोर्टमध्ये अडचण निघाली, तर टोकन पंधरा दिवसांत पूर्ण परत. मालक सही करायला कचरला तर कारण विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत चेकबुक खिशातच राहू द्या.